प्रार्थना असू द्या, संमती विचारा

जूनमध्ये प्राथमिक शाळेत नव्या पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. गणवेश कुठे मिळेल, मधली सुट्टी किती वाजता, रिक्षावाला भरवशाचा आहे ना. कॅथलिक शाळेत त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडते आणि तो बहुधा गर्दी ओसरल्यावर, आवाज खाली आणून विचारला जातो : "बाई, आमच्या मुलाला तुमची प्रार्थना म्हणावी लागेल का?" वसईतल्या मराठी माध्यमाच्या कॅथलिक प्राथमिक शाळेत शिकवताना हा प्रश्न मी हिंदू आयांकडून ऐकला, मुसलमान वडिलांकडूनही ऐकला. माझे उत्तर तेव्हाही तेच होते, आजही तेच आहे. नाही, म्हणावी लागणार नाही. पण शाळेत प्रार्थना होईल आणि ती आमच्या श्रद्धेनुसार होईल.

या उत्तराच्या दोन्ही बाजू मला सारख्याच मोलाच्या वाटतात. आज काही कॅथलिक शाळा पहिली बाजू विसरतात, तर काही भीतीपोटी दुसरी सोडून देतात. प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत म्हणून डायरीत शेरा घेऊन घरी गेलेले मूल मी पाहिले आहे. 'उगाच वाद नको' म्हणून प्रार्थनाच काढून टाकलेली आणि त्या जागी ध्वनिक्षेपकावर नुसते संगीत लावणारी शाळाही पाहिली आहे. या दोन्ही वाटा मला चुकीच्या वाटतात.

याबाबत कायदा स्पष्ट आहे. राज्यघटनेचे ३० वे कलम अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क देते. २८ व्या कलमाचे तिसरे पोटकलम सांगते की, शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येणार नाही. म्हणजे प्रार्थना ठेवायची की नाही हे शाळेने ठरवायचे. तीत सामील व्हायचे की नाही हे पालकांनी.

ख्रिस्तसभेची शिकवणही याहून वेगळी नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. पालकांच्या श्रद्धेशी न जुळणारे धडे मुलांना सक्तीने घ्यायला लावणे हा पालकांच्या हक्काचा भंग आहे, असे त्यात म्हटले आहे. धर्मसंस्कार पूर्णपणे वगळलेले एकच शिक्षण सर्वांवर लादणे हाही भंगच, असे त्याला जोडूनच म्हटले आहे. सक्ती करणाऱ्या आणि प्रार्थना गुंडाळून ठेवणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या संस्थाचालकांनी हा उतारा एकदा नीट वाचावा.

पण एवढा आग्रह कशासाठी? वर्गात प्रार्थनेने काय घडते हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून.

मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या देवळातल्या सामूहिक उपासनेत, प्रवचनानंतर विनंत्या असतात. एकजण पुढे येऊन आजाऱ्यांसाठी, शेतकऱ्यांसाठी, राज्यकर्त्यांसाठी मागणे मांडतो आणि बाकीचे त्याला साथ देतात. तिसरीच्या वर्गात परिपाठानंतर आम्ही तेच करत असू. परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, सुविचार, दिनविशेष हे सारे व्हायचे. साने गुरुजींची प्रार्थनाही असायची. मग वर्गात आल्यावर ज्याला वाटेल त्याने उभे राहून आपले मागणे सांगायचे. क्रुसाची खूण करायची की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मागणे मात्र सगळ्यांना मांडता येई. पाचूबंदरचा मुलगा म्हणे, "पप्पांची बोट समुद्रात आहे आणि वारा सुटलाय." बागायतदाराची मुलगी सांगे, वाडीतल्या केळी आडव्या झाल्यात. कुणाच्या आजीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन असे, कुणाच्या घरी भांडण झालेले असे. आठ वर्षांचे मूल दुसऱ्याचे दुःख चाळीस जणांसमोर स्पष्ट शब्दांत सांगते आणि चाळीस मुले ते शांतपणे ऐकतात. मूल्यशिक्षणाच्या तासाला मला हे इतके सहज कधी साधले नाही.

एका वर्षी दिवाळीनंतर वर्गातला एक आदिवासी मुलगा आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेला. त्याच्या बाकावरचा मित्र विनंतीच्या वेळी उभा राहिला आणि म्हणाला, "त्याला तिकडे शाळा मिळू दे." दुसऱ्या दिवशी मुलांनी मला विचारले, "बाई, मिळाली का?" तिसऱ्या दिवशीही विचारले. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक असते. मुख्याध्यापकांनी ते भरले, भट्टीचा पत्ता मिळवला आणि तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेशी बोलून घेतले. मुलांनी देवाकडे मागितले आणि उत्तर द्यायची जबाबदारी आम्हा मोठ्यांवर येऊन पडली. खरी प्रार्थना माणसाला कामाला लावते, हे मी त्या वर्गात शिकले.

कॅथलिक मुलांसाठी तर हे वय आणखी महत्त्वाचे असते. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी पहिल्या कम्युनियनचे, म्हणजे मिस्सामध्ये पवित्र भाकर प्रथमच स्वीकारण्याचे, वय साधारण सातव्या वर्षापर्यंत खाली आणले. त्याआधी मुलांना बरीच वर्षे थांबावे लागे. म्हणजे मूल प्राथमिक शाळेत असते, तेव्हाच त्याच्या श्रद्धेचा पाया घातला जातो. आमच्या आजीच्या पिढीने लॅटिन मिस्सा अर्थ न कळता ऐकली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर देवळात मराठी आली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'मुळे मुलांना वाचता येईल अशी भाषा मिळाली. ऑक्टोबर या जपमाळेच्या महिन्यात मुले घरच्या वाडीतला मोगरा, तगर, झेंडू आणून मरियामातेपुढे ठेवतात. तेव्हा ती आपल्याच मातीत आणि आपल्याच भाषेत देवाशी बोलत असतात. हे त्यांच्याकडून काढून घ्यायचे कारण काय?

कारण भीती, हे उघड आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आसाममधल्या ख्रिस्ती शाळांबाहेर फलक लागले. शाळेच्या आवारातले येशूचे आणि मरियेचे पुतळे हटवा, फादर-सिस्टरांनी धर्मवस्त्रे घालून यायचे नाही, अशा मागण्या त्यांत होत्या. त्यानंतर एप्रिलमध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. अन्य धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती प्रथा लादू नयेत, परिपाठात संविधानाची प्रास्ताविका म्हणावी, आवारात सर्वधर्मीय प्रार्थनाकक्ष असावा, असे त्यांत सुचवले आहे. या सूचना मला मनापासून पटतात. मात्र धाकाला घाबरून त्या पाळल्या, तर उद्या धाक वाढल्यावर भिंतीवरचा क्रूसही उतरवावा लागेल. मुलाच्या स्वातंत्र्याचा मान राखायचा म्हणून त्या पाळाव्यात. मग क्रूसही भिंतीवर राहील आणि त्याखाली बसलेले हिंदू, मुसलमान, आदिवासी मूलही निर्धास्त राहील.

प्रत्यक्षात करायचे ते फार अवघड नाही. धर्मशिक्षणाचा तास फक्त कॅथलिक मुलांचा असावा. त्याच वेळी इतरांसाठी मूल्यशिक्षणाचा तास तितक्याच तयारीने घ्यावा, त्यांना मैदानात सोडून मोकळे होऊ नये. शाळेच्या वेळेत मिस्सा असेल तर येणे ऐच्छिक असावे आणि न येणाऱ्या मुलाची जागा वर्गात असावी, व्हरांड्यात नव्हे. जो प्रार्थना म्हणत नाही त्याने सर्वांबरोबर शांत उभे राहावे. त्याच्या डायरीत ना शेरा यावा, ना त्याचे गुण कापले जावेत. वर्गशिक्षकांना हे सारे लेखी दिलेले असावे, कारण सक्ती बहुतेक वेळा संस्थेच्या धोरणातून होत नाही, एखाद्या उत्साही शिक्षकाच्या सवयीतून होते.

पालकांनाही एक सांगायचे आहे. मनात शंका असेल तर ती कुजबुजत विचारू नका, मोठ्याने विचारा. विचारणे हा तुमचा हक्क आहे आणि उत्तर देणे हे शाळेचे कर्तव्य. आणि संस्थाचालकांना माझी विनंती आहे की, येत्या जूनमध्ये प्रवेश अर्जाला साध्या मराठीत लिहिलेले एक पान जोडा. आमच्या शाळेत कोणती प्रार्थना होते, केव्हा होते, तीत सहभागी होणे कसे ऐच्छिक आहे, हे त्यावर लिहा आणि खाली सहीसाठी जागा ठेवा. ज्या पानावर 'नको' लिहून येईल, ते 'हो' लिहिलेल्या पानाइतक्याच आदराने फाईलला लावा.