सुट्टी समुद्रकाठी, नजर अगस्त्याकडे

चेन्नईला पोस्टिंग आली की पुण्या-साताऱ्याहून पाहुणे येणार हे ठरलेलंच. मरीना, महाबलीपुरम, कांजीवरमच्या साड्या, झाली सुट्टी. माझं म्हणणं एवढंच, की त्यातली एक रात्र आकाशासाठी राखून ठेवा.

तारे पाहायला लडाखलाच जावं लागतं, असा आपला पक्का समज. लडाखच्या आकाशाला तोड नाही, हे मान्य. पण दक्षिणेचे तारे तिथे दिसत नाहीत.

हिशेब सोपा आहे. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर, तितके आपले अक्षांश. हात ताठ करून मूठ धरली की साधारण 10 अंश. एनडीएपासूनची सवय म्हणून प्रत्येक पोस्टिंगला मी हे मोजतो. लेहला ध्रुव साडेतीन मुठींवर, चेन्नईत जेमतेम सव्वा. उत्तरेला जे गमावलं, ते दक्षिणेला वसूल होतं. अगस्त्य लेहला जास्तीत जास्त तीन अंश वर येतो, म्हणजे डोंगराआडच राहतो. पुण्यात 19 अंश चढतो, इथे 24. विंध्य ओलांडून दक्षिणेला गेलेल्या, समुद्र प्यालेल्या ऋषीचा तारा पाहायला समुद्रकाठाहून चांगली जागा कुठली?

मार्चमध्ये, अमावस्येच्या आसपास या. अंधार पडताच दक्षिणेला अगस्त्य, मध्यरात्रीनंतर त्रिशंकू, पहाटे तीनच्या सुमारास नरतुरंगातला अल्फा सेंटॉरी. कोकणात तारे समुद्रात मावळतात, इथे समुद्रातून उगवतात. चटई आणि घरातली दुर्बीण पुरे. पाण्यात मात्र रात्री उतरू नका.

या शहराचं आकाशाशी नातं जुनं आहे. 1792 मध्ये नुंगंबाक्कमला वेधशाळा उभी राहिली. तिथल्याच चिंतामणी रघुनाथाचारींनी 1867 मध्ये एक रूपविकारी तारा शोधला, तोही युरोपातून न दिसणाऱ्या दक्षिण आकाशातला. आज ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी आहे त्या सेंट थॉमस माउंटच्या परिसरात 1802 मध्ये लॅम्ब्टन या फौजी अधिकाऱ्याने भारत मोजायला सुरुवात केली. जमीन मोजायची, तर ताऱ्यांवरून अक्षांश काढावे लागत. मोजत मोजत हा माणूस आपल्या हिंगणघाटला पोहोचला आणि 1823 मध्ये तिथेच गेला.

आता मुद्द्याचं. ही रात्र आपण हातानेच घालवतो आहोत. रिसॉर्ट किनाऱ्यावर फ्लडलाइट लावतात, कारण पाहुण्यांना ते आवडतात. याच वाळूत जानेवारी ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं बाहेर पडली की उजेडाकडे धावतात. पूर्वी तो उजेड समुद्राचा असे, आता दिव्यांचा असतो, आणि पिल्लं रस्त्याकडे जातात. तारे आणि कासवं, दोघांनाही अंधारच हवा.

म्हणून बुकिंग करताना एसी आहे का विचारता, तसंच किनाऱ्यावरचे दिवे रात्री बंद करता का, हेही विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं, तर अकरावा दिवा लावताना मालक विचार करेल. आणि निवृत्त मंडळींनो, ब्लॅकआउटची शिस्त आपल्याला नवीन नाही. नातवंडांना ती एक रात्र किनाऱ्यावर शिकवा.