वडिलांनी मागितलेली कविता



यंदाच्या दिवाळी अंकाचा मोठा भाग पॅलेस्टिनी स्त्रियांच्या आत्मकथनांना दिला आहे. गाझातली दृश्यं रोज बघून मन सुन्न झालेलं असताना दिवाळीत पुन्हा तेच कशाला, असं काही स्नेह्यांनी विचारलं. या पुस्तकांत ‘तेच’ नाही, म्हणून तर हा घाट घातला.

कवयित्री फदवा तूकान यांचंच घ्या. जन्म १९१७चा, नाब्लुसच्या बड्या घराण्यातला. तारीख आईच्या लक्षात नव्हती. त्या दिवशी आपण अक्कूबची काटेरी रानभाजी शिजवत होतो, एवढंच तिला आठवत होतं. शाळकरी वयात एका मुलानं फूल दिलं, तेवढ्यावरून भावानं फदवांची शाळा बंद केली. दुसरा भाऊ इब्राहिम कवी. त्यानं घरातच त्यांना कविता शिकवली. १९४१ साली तो गेला आणि एरवी या लेकीची दखलही न घेणारे वडील तिच्या मागे लागले: आता तू राजकीय कविता लिही. उंबरठा ओलांडायची, पुरुषांच्या बैठकीत बसायची बंदी, आणि लिहायचं मात्र देशाबद्दल! हा संताप १९८५ साली पुस्तकरूपानं आलेल्या त्यांच्या आत्मचरित्रात अजून धगधगतो आहे.

१९६७ साली इस्रायली सैन्य नाब्लुसमध्ये शिरलं, त्यानंतर फदवांची कविता प्रतिकाराची कविता झाली. तरी घरातली कोंडी त्यांनी झाकली नाही. शत्रू दारात उभा असताना घरच्यांविषयी बोलणं म्हणजे फितुरी, असं मानणारे सगळीकडेच असतात. म्हणून मला हे धैर्य फार मोठं वाटतं.

घर आणि राजकारण असं एकत्र इतर दोघींकडेही येतं. सुआद अमिरींच्या रोजनिशीत २००२ सालची रामल्लामधली संचारबंदी आहे आणि त्यांच्याच घरात अडकलेल्या ९१ वर्षांच्या सासूबाईही. घादा करमींचं कुटुंब १९४८ साली जेरुसलेममधलं कतमोन सोडून निघालं. पुढे लंडनमध्ये वाढलेल्या घादांनी आठवणी लिहिल्या, तेव्हा पुस्तकाच्या नावात आली ती घरकाम करणारी फातिमा.

पॅलेस्टिनी बाई बोलू लागली की आपणही तिच्याकडे फदवांच्या वडिलांसारखी राजकीय कविताच मागतो. तिची शाळा, सासू, स्वयंपाकघर आपल्याला पाल्हाळ वाटतं. तिचं राजकारण घडलं ते मात्र तिथेच. या विभागात फदवांच्या बालपणालाच बरीच पानं दिली आहेत. १९६७ पुष्कळ पुढे येतं. मधली पानं गाळू नका, एवढी विनंती.