रणगाडा नक्की थांबवतो कोण?

गेल्या शनिवारी जेवणानंतर मित्रांबरोबर गप्पा रंगल्या होत्या. एकाने मोबाईलवर युक्रेनचा व्हिडिओ दाखवला. ड्रोन येतो, रणगाड्यावर आदळतो, खेळ खलास. "संपला रे रणगाड्याचा जमाना!" इति मित्र. मी म्हटलं, "अरे, तो रणगाडा आधीपासूनच एका जागी उभा होता, ते बघितलंस का? का उभा होता?" यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं.

तर मंडळी, आजचा विषय हाच. माझं सरळ मत आहे की रणगाडाविरोधी लढाई अर्धी इंजिनिअरिंगची असते, आणि नेमका तोच अर्धा भाग आपण मोजत नाही.

जून २०२३ मध्ये झापोरिझ्झिया आघाडीवर युक्रेनचे लेपर्ड रणगाडे सुरुंगांच्या पट्ट्यात अडकले. सुरुंगाने रणगाड्याची साखळी तुटते, पुढचा थांबला की मागच्यांची रांग लागते, आणि मग तोफा-क्षेपणास्त्रांना उभं लक्ष्य मिळतं. सुरुंगाचं मुख्य काम मारणं नाहीच, खोळंबा करणं आहे. उलट बाजूही तितकीच खरी. सुरुंगांच्या पट्ट्यावर कोणाची तोफ रोखलेली नसेल, तर शत्रू निवांत येऊन ते काढून टाकतो. म्हणजे एकाशिवाय दुसरा लंगडा!

आपल्याकडचंच बघा. सप्टेंबर १९६५, असल उत्तर. आपल्याला अब्दुल हमीद आणि त्यांची जीपवरची रिकॉइललेस गन आठवते. आठवायलाच हवी. पण शेतांत पाणी सोडून चिखल केला होता आणि पाकिस्तानचे पॅटन त्यात रुतले होते, हे किती जणांना माहीत असतं?

आता १९७१, बसंतर. १५ डिसेंबरच्या रात्री आपलं पायदळ नदीपार पोचलं, पण रणगाडे मागे, कारण मध्ये सुरुंगच सुरुंग. इंजिनिअर्सचं वाट काढायचं काम अर्ध्यावर आलेलं असताना पलीकडे शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल दिसली. पूना हॉर्सने पूर्ण वाट व्हायची वाट न बघता रणगाडे तसेच सुरुंगांतून पुढे काढले. दुसऱ्या दिवशी एकवीस वर्षांच्या अरुण खेत्रपालने जे केलं ते आपण सगळे जाणतो. पण अर्धी का होईना, रात्रभर गुडघ्यावर बसून ती वाट करणारे कोण होते? शत्रूचा रणगाडा रोखायला आपला रणगाडा लागतो, आणि त्याला तिथवर पोचवतो तो सॅपर.

एक नाव मात्र सांगतोच. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडिया गावचे, बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर ८ तारखेलाच उखळी तोफांच्या माऱ्यात त्यांचे दोन जवान गेले, पाच जखमी झाले, त्यांत ते स्वतःही होते. तरी ११ तारखेपर्यंत सुरुंग आणि अडथळे काढत त्यांनी रणगाड्यांना रस्ता करून दिला. परमवीर चक्र मिळालं. बॉम्बे सॅपर्सचं केंद्र खडकीला आहे. पुण्यात आपल्यातले कितीतरी जण त्याच भागातून ऑफिसला जातात, आणि राणे कोण म्हणून विचारलं तर गप्प!

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे नवीन नाही म्हणा. डेमो देणाऱ्याला टाळ्या, रात्री तीनला सर्व्हर उभा ठेवणारा अप्रेझलमध्ये 'समाधानकारक' :-) पण आमच्याकडे फार तर साईट बंद पडते, तिकडे पलीकडे गेलेलं पायदळ एकटं पडतं. म्हणून संरक्षण खर्चाची चर्चा क्षेपणास्त्रांच्या आकड्यांपाशी थांबते तेव्हा मला धास्ती वाटते. सुरुंग काढणारी वाहनं, पूल टाकणारे रणगाडे, ते चालवणारी शिकलेली माणसं... यांचा हिशोब कोण मागणार?

असो. पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला की स्फोटाच्या पाच सेकंद आधी पॉज करा. रणगाड्याच्या खालची जमीन बघा.