जमीन आधी कोणाची होती, हे साखळी सांगत नाही

१/ ३० सप्टेंबर १७८५. ओहायो नदीच्या उत्तर काठावर, पेन्सिल्व्हेनियाच्या हद्दीपाशी, टॉमस हचिन्स या सरकारी भूगोलतज्ज्ञाने पश्चिमेच्या दिशेने मोजणी सुरू केली. पुढे अमेरिकेच्या तीस राज्यांत जमीन याच चौकोनी पद्धतीने आखली गेली. या पद्धतीची स्तुती पुष्कळ होते. हा धागा त्या स्तुतीवर हरकत नोंदवण्यासाठी.

२/ प्रथम स्तुतीचे कारण. व्हर्जिनिया आणि केंटकीत जमिनीची चतुःसीमा खुणांनी सांगत : अमुक ओढ्यापासून तमुक ओक वृक्षापर्यंत, तेथून खडकापर्यंत. जमीन ज्याची त्याने निवडायची, मोजणीही स्वखर्चाने करून घ्यायची. ओढा पात्र बदले, झाड उन्मळून पडे आणि एकाच तुकड्यावर अनेकांचे दावे चढत.

३/ केंटकीचा वाटाड्या म्हणून ख्यातनाम झालेला डॅनियल बून स्वतः उपभूमापक होता. तरीही सदोष हक्कपत्रांमुळे तेथील जमिनी त्याने गमावल्या. १७९९ मध्ये तो स्पेनच्या ताब्यातील मिसूरीत गेला. तो प्रदेश अमेरिकेकडे आल्यावर तेथील हक्कही अमान्य ठरला. १८१४ मध्ये काँग्रेसने तो मान्य केला. अब्राहम लिंकनच्या वडिलांनी १८१६ मध्ये केंटकी सोडण्यामागेही जमिनीच्या हक्काचे तंटे होते.

४/ या गोंधळावरचा उपाय म्हणजे २० मे १७८५ चा भूमी अध्यादेश. आधी मोजणी, मग विक्री. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप. तिचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा. सोळावा भाग शाळेसाठी राखीव. कल्पना खरोखर सुबक होती, हे मान्यच करावे लागते.

५/ मोजणीचे साधन होते इंग्रज गणिती एडमंड गंटर याची साखळी. लांबी ६६ फूट, कड्या १००. अशा ८० साखळ्यांचा मैल आणि दहा चौरस साखळ्यांचा एकर. आपल्याकडचा ४० गुंठ्यांचा एकरही तोच. गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे गंटरच्या साखळीच्या बरोबर निम्मी.

६/ आता हरकत. जमीन कोणाची, या प्रश्नाचे उत्तर ही पद्धत शोधत नाही. ते गृहीत धरून पुढे जाते. जानेवारी १७८५ मध्ये फोर्ट मॅकिन्टॉश येथे वायनडॉट, डेलावेअर, ओजिब्वे आणि ओटावा यांच्या काही नेत्यांशी तह झाला. शॉनी त्या तहात नव्हतेच. तरी अवघ्या चार महिन्यांत अध्यादेश निघाला.

७/ भूमापकाने नकाशावर काय नोंदवावे, हेही त्यात सांगितले आहे : खाणी, खारे झरे, गिरणीयोग्य जागा, जलप्रवाह, डोंगर आणि जमिनीचा कस. विक्रीला उपयोगी पडेल असे सर्व काही. त्या भूमीवर आधीपासून कोण पेरते, कोण शिकार करते, हे नोंदवण्यास सांगितलेले नाही.

८/ एक अपवाद आहे आणि तो अंगावर काटा आणतो. ख्रिस्ती झालेल्या मूलनिवासींसाठी तीन मोरेव्हियन गावे राखून ठेवली होती. त्यांतील एक ग्नाडेनहुटेन. तेथे मार्च १७८२ मध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या मिलिशियाने ९६ निःशस्त्र डेलावेअर स्त्री-पुरुष-बालकांची हत्या केली होती.

९/ ‘रिकामी’ भूमी रिकामी नव्हती, याची प्रचीती मोजणीदारांना लगेच आली. हल्ल्याच्या वार्तेने हचिन्सचे पहिलेच पथक काही मैलांवरून परतले. पुढचे काम सैन्याच्या पहाऱ्यात झाले. १७९१ मध्ये मूलनिवासी राष्ट्रांच्या संघाने जनरल सेंट क्लेअरच्या सैन्याचा दारुण पराभव केला. सहाशेहून अधिक सैनिक पडले. १७९५ च्या ग्रीनव्हिल तहानंतरच ओहायोचा बहुतांश भाग सरकारच्या हाती आला.

१०/ एवढी घाई का? युद्धाचे कर्ज डोक्यावर होते आणि काँग्रेसला कर लावण्याचा अधिकार नव्हता. विकण्याजोगी होती ती जमीनच. किमान किंमत एकरी एक डॉलर. पण लहानात लहान तुकडा ६४० एकरांचा. एवढी रक्कम सामान्य शेतकऱ्याने कोठून आणावी? लाभ मोठ्या खरेदीदारांचा झाला.

११/ १८२३ मध्ये ‘जॉन्सन विरुद्ध मॅकिन्टॉश’ खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निर्णय दिला : मूलनिवासींना केवळ वहिवाटीचा हक्क, त्यांच्याकडून जमीन घेण्याचा अधिकार एकट्या सरकारचा. साखळीने जे गृहीत धरले होते, त्यावर न्यायालयाची मोहोर उमटली.

१२/ काटेकोर मोजणीने वसाहतकऱ्यांचे आपसांतील तंटे कमी केले, हे श्रेय तिला द्यावे. परंतु सीमारेषा अचूक असणे आणि हक्क न्याय्य असणे या भिन्न गोष्टी आहेत. म्हणून जुना नकाशा अभ्यासताना तो किती बिनचूक आहे, एवढ्यावर थांबू नये. तो कोणी, कोणाच्या खर्चाने आणि कोणाला विकण्यासाठी काढला, हेही विचारावे. बूनचा गेलेला हक्क काँग्रेसने परत केला. शॉनींचा केला नाही. मोजणी दोघांच्याही भूमीची झाली होती.