बंदी मांजावर, प्रश्न मात्र मानेच्या धमनीचा

मकर संक्रांत जवळ आली की नायलॉन मांजाचा विषय ऐरणीवर येतो. दुचाकीस्वाराचा गळा चिरल्याच्या बातम्या येतात, पोलिसांचे छापे पडतात, मांजाच्या चक्र्या जप्त होतात. सण सरताच चर्चाही थंडावते. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी अशा मांजावर देशभर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही २०२१ मध्ये या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. तरीही अपघात थांबलेले नाहीत. त्यामुळे बंदीच्या अंमलबजावणीइतकाच दुसरा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. गळा चिरलेल्या माणसाला वाचवण्याची तयारी कितपत आहे?

दोन्ही बाजूंच्या कॅरोटिड धमन्या मेंदूला लागणाऱ्या रक्ताचा मोठा वाटा वाहून नेतात. उरलेला वाटा मानेच्या मणक्यांतून जाणाऱ्या व्हर्टिब्रल धमन्यांचा असतो. कॅरोटिड तुटली तर एकाच वेळी तीन संकटे ओढवतात. रक्तस्रावाने काही मिनिटांत मृत्यू होऊ शकतो. आत साचलेले रक्त श्वासनलिका दाबते. जीव वाचला तरी मेंदूचा पुरवठा खंडित होऊन अर्धांगवायू होण्याचा धोका राहतो.

उपचारांसाठी शल्यचिकित्सक मानेचे तीन विभाग मानतात. मधल्या विभागातील धमनीपर्यंत पोहोचणे तुलनेने सोपे असते. छातीलगतच्या आणि कवटीलगतच्या विभागांत ते अवघड असते. रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर सीटी अँजिओग्राफीने इजेचा नेमका ठाव घेतला जातो. रक्तस्राव जोरात असेल तर थेट शस्त्रक्रियागृह गाठावे लागते. मेंदूकडे जाणारी धमनी बांधून टाकल्यास रक्त थांबते, पण पक्षाघाताची भीती वाढते. म्हणून शक्य तेथे ती शिवून वा कलम लावून पूर्ववत केली जाते. चेहऱ्याकडे जाणारी शाखा मात्र सहसा विनाधोका बांधता येते.

रक्त न सांडताही धमनी निकामी होऊ शकते. २५ नोव्हेंबर २०१४ रोजी सिडनी येथे ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज याच्या मानेवर चेंडू आदळला. व्हर्टिब्रल धमनीला इजा होऊन मेंदूत रक्तस्राव झाला आणि दोन दिवसांनी त्याचे निधन झाले. मुका मार बसल्यावर धमनीचे आतले अस्तर फाटते, तेथे गुठळी जमते आणि पक्षाघात काही तासांनी, कधी काही दिवसांनी होतो. हा मधला अवधीच उपचारांची संधी असतो. इजा वेळीच आढळली तर अ‍ॅस्पिरिन वा हेपॅरिनसारख्या औषधांनी पक्षाघाताचा धोका बराच कमी होतो. मांजामुळे कोसळलेल्या दुचाकीस्वाराची वरवरची जखम शिवून त्याला घरी धाडणे म्हणूनच धोक्याचे ठरू शकते.

खरी दरी येथेच आहे. रक्तवाहिन्यांचे तज्ज्ञ शल्यचिकित्सक प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. मांजा मात्र गावाशहराचा भेद करत नाही. राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. ती येईपर्यंतची मिनिटे वाटसरूंच्या हाती असतात. स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरावे, रक्ताने भिजले तरी न काढता त्यावर दुसरे ठेवावे. गळ्याभोवती पट्टी आवळू नये, तोंडाने पाणी देऊ नये.

बहुतेक अपघात सांगून येत नाहीत. या अपघातांचा हंगाम मात्र पंचांगात छापलेला असतो. जानेवारीच्या त्या दिवसांत कोणत्या रुग्णालयात शस्त्रक्रियागृह, रक्तसाठा आणि तज्ज्ञ सज्ज असतील, तालुक्याहून रुग्ण कोठे पाठवायचा, हे प्रत्येक जिल्ह्याला आधीच ठरवता येईल. छाप्यांचे नियोजन होऊ शकते, तर उपचारांचेही व्हायला हवे.