गूळ खावा, पण औषध म्हणून नव्हे

गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत ‘गुळाचा चहा’च्या पाट्या झळकू लागल्या. साखर सोडलेली माणसं तिथे निर्धास्तपणे दुसरा कप मागवतात. त्यांत मधुमेहीही असतात, आणि खरी काळजी त्यांचीच आहे.

उसाचा रस काहिलीत आटवून केलेल्या गुळातही बहुतांश सुक्रोज, म्हणजे साखरच असते. कारखान्यात मळी वेगळी निघते, गुऱ्हाळात ती गुळातच राहते. गुळाचा रंग, खमंग वास आणि थोडीफार खनिजं येतात ती त्यामुळे. उष्मांक मात्र जवळपास तेवढेच: 100 ग्रॅम साखरेत सुमारे 400, तर गुळात साधारण 350 ते 380. गुळाने रक्तातली साखरही वाढतेच.

‘पण गुळात लोह असतं ना?’ असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017च्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम गुळात ते पाच मिलिग्रॅमहून कमी आहे. म्हणजे दहा ग्रॅमच्या खड्यातून जेमतेम अर्धा मिलिग्रॅम मिळतं. प्रौढ स्त्रीसाठी 2020 साली ठरवलेलं रोजचं प्रमाण आहे 29 मिलिग्रॅम. एवढं लोह नुसत्या गुळातून मिळवायचं तर दिवसाला अर्ध्या किलोहून जास्त गूळ खावा लागेल! त्यातून तो चहात घातला, की चहातलं टॅनिन लोह शोषलं जाण्यात अडथळा आणतं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली वरून घातलेल्या साखरेला मर्यादा सुचवली: एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी, आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या आत. पाच टक्के म्हणजे दिवसाला सुमारे 25 ग्रॅम. मध आणि फळांचा रसही त्यात धरलेला आहे. गुळाला वेगळी सवलत मिळण्याचं कारण नाही. कपाला दहा ग्रॅम गूळ धरला, तर तिसऱ्या कपालाच हा आकडा ओलांडला जातो.

पुरणपोळीत, तिळाच्या लाडवात, चिक्कीत गुळाची चव साखरेला येत नाही. तेवढ्यासाठी तो जरूर खावा. चहावाल्यांनी मात्र गुळाच्या चहाला ‘शुगर फ्री’ म्हणणं बंद करावं, कारण ते खरं नाही. ज्यांना लोह हवं त्यांनी बाजरीची भाकरी, कडधान्यं, तीळ यांच्याकडे वळावं, जेवताना वर लिंबू पिळावं आणि चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा. रक्तातलं लोह कमी निघालं, तर गुळाच्या खड्यावर विसंबून न राहता डॉक्टरांना गाठावं.