'ऑथेंटिक'वाल्यांनो, एकदा सिल्लोडला जेवा

तर मंडळी, या शनिवारी जरा भांडायचं आहे. भांडण आपल्याच लोकांशी. म्हणजे सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत नाहीतर खराडीत कीबोर्ड बडवणाऱ्या आणि वीकेंडला 'ऑथेंटिक' जेवण शोधत फिरणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांशी.

संभाजीनगरहून अजिंठ्याच्या लेण्यांना निघालं की शंभरेक किलोमीटरच्या रस्त्यात निम्म्याच्या पुढे सिल्लोड लागतं. या रस्त्यावर घरच्यांनीच मिळून चालवलेली छोटी छोटी हॉटेलं आहेत. गल्ल्यावर वडील, भाकऱ्यांवर आई, चायनीजच्या कढईवर मुलगा. बोर्डावर सगळं एका दमात: शेवभाजी, पनीर मसाला, डोसा, मंच्युरियन. हा बोर्ड दिसला की आपल्यातल्या शहाण्यांचं नाक मुरडलंच म्हणून समजा. ऑफिसातला एक मित्र परवा म्हणाला, "धड मराठवाडी नाही, धड चायनीज नाही. यांना स्वतःची ओळखच नाही!" आणि गडी एवढ्यावर थांबला नाही. पोटभर जेवून, गाडीत बसल्या बसल्या त्या हॉटेलाला एक स्टार ठोकून मोकळा. कारण काय, तर 'ऑथेंटिक नाही'.

माझं म्हणणं सरळ आहे. सरमिसळ हीच तर इथली ओळख आहे.

नकाशा काढून बघा. सिल्लोड म्हणजे मराठवाड्याचं वरचं टोक. अजिंठ्याचा घाट उतरलात की खानदेश, पूर्वेला सरकलात की बुलढाणा, म्हणजे विदर्भ. १९४७ पर्यंत घाटाखाली इंग्रजांचा अंमल आणि घाटावर निजामाचा, तो संपला १७ सप्टेंबर १९४८ ला. मग जळगावकडची शेवभाजी आणि संभाजीनगरचा नान-खलिया एकाच टेबलावर आले तर नवल कसलं? आणि तो नान-खलिया तरी कुठला? मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा लष्कराबरोबर आला असं सांगतात. तेव्हा कुणी 'हे इथलं नाही' म्हणून एक स्टार दिला असता म्हणजे?

बरं, नान सोडा. ठेचा घ्या. ठेच्याहून गावरान काय असणार? सिल्लोड तर हिरव्या मिरचीचा तालुका. पण मिरची मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. शेंगदाणाही तिकडचाच, दक्षिण अमेरिकेतला. म्हणजे तेराव्या शतकात ज्ञानेश्वरांनी ठेचा-भाकरी खाल्लेली असणं शक्यच नाही! पाहुणी आलेली मिरची जर इथली लेक होऊ शकते, तर सोया सॉसने काय घोडं मारलंय?

राहता राहिलं मंच्युरियन. ते चीनमध्ये शोधायला जाऊ नका. त्याचं श्रेय दिलं जातं नेल्सन वांग या कोलकात्यात जन्मलेल्या चिनी वंशाच्या शेफला, आणि जागा मुंबई, साल १९७५. म्हणजे हा पदार्थ चक्क महाराष्ट्रात जन्मलेला आहे. त्याला 'खोटं चायनीज' म्हणणं म्हणजे वडापावला खोटं पोर्तुगीज म्हणण्यासारखं आहे.

सगळ्यात गंमत पुढे आहे. हीच मंडळी तासाभराने लेण्यात शिरतात आणि तिथल्या निळ्या रंगासमोर तोंडाचा आ वासून उभी राहतात. तो निळा रंग लाजवर्दाचा, आणि लाजवर्द यायचा आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून. पहिल्या लेण्याच्या छतावर परदेशी वेषातली माणसंही रंगवलेली आहेत. गाइडने हे सांगितलं की आपण म्हणतो, "वा! काय जागतिक दृष्टी!" भिंतीवर परदेशी रंग चालतो, ताटात परदेशी सॉस चालत नाही. हे गणित मला कुणीतरी समजावून सांगा.

आता हरकती. "सगळ्या भाज्यांना एकच ग्रेव्ही असते." असते ना! तीन माणसांच्या घराने पन्नास पदार्थ कसे बनवावेत? सकाळी कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही करून ठेवायची आणि ऑर्डरप्रमाणे फोडणी, मसाला बदलायचा. याच गोष्टीला आपण ऑफिसात 'कोड रीयूज' म्हणतो आणि अप्रेझलमध्ये मिरवतो. शिवाय एका गाडीत आजीला भाकरी हवी, पोराला नूडल्स आणि ड्रायव्हरदादांना शेवभाजी. बोर्ड लांबलाय तो या गिऱ्हाइकांमुळे.

स्वच्छतेची तक्रार असेल, तेल जळकं असेल, मंच्युरियन होळीच्या रंगासारखं दिसत असेल तर जरूर बोला. कर्नाटकने २०२४ मध्ये गोबी मंच्युरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, चांगलंच केलं. माझं भांडण त्या तक्रारींशी नाही. भांडण आहे ते 'तुम्ही आमच्या कल्पनेतल्या खेड्यासारखे का नाही' या तक्रारीशी. आपण पुण्यात सुशी खायची आणि सिल्लोडच्या पोराने मात्र जन्मभर पिठलंच ढवळायचं. का? आपल्याला फोटो मिळावा म्हणून?

आणि तो एक स्टार. जरा हिशोब करू, तेवढं तर आपल्याला येतं. दोन हजार रिव्ह्यू असलेल्या मोठ्या साखळी हॉटेलाचं रेटिंग ४.५ असेल, तर तुमच्या एका स्टारने ते ४.५ च राहतं. पण बारा रिव्ह्यू असलेल्या घरगुती हॉटेलाचं ४.५ असेल, तर ते थेट ४.२ वर येतं. पुढचा प्रवासी फोनवर ४ च्या वरचे आकडे चाळत येतो. आणखी एक-दोन शहाणे भेटले की हे हॉटेल त्याला दिसणारच नाही. तुमचा राग जेमतेम दहा मिनिटं टिकतो, त्यांच्या गल्ल्यावर मात्र त्याचा परिणाम कितीतरी दिवस राहतो.

तेव्हा पुढच्या वेळी अजिंठ्याला जाल तेव्हा सिल्लोडला थांबा. बोर्ड वाचून हसू नका. कढईवरच्या पोराला विचारा, "भाऊ, तुझ्या हातचं खास काय?" तो जे सांगेल ते मागवा, बरोबर एक भाकरी आणि ठेचा घ्या. नाही आवडलं तर त्याला तिथेच, तोंडावर सांगा. आवडलं तर पाच स्टार द्यायला विसरू नका :-)